डब्याचा लाल दिवा

पोतनिसांच्या रक्तातच संशय आहे, असं अश्लेषाचे बाबा म्हणायचे. पूर्वज म्हणे खजिन्यावर बसायचे आणि आत येणाऱ्या प्रत्येकाच्या हाताकडे बघायचे. खजिना गेला, दरबार गेला, नजर तेवढी राहिली. आणि ती नजर अख्खीच्या अख्खी वारशात मिळाली जयंत आजोबांना.

जयंत आजोबा म्हणजे बाबांचे सख्खे काका. बँकेतून रिटायर झालेले. महाकालच्या शहरात, नानाखेड्याच्या कॉलनीत, बसस्टँडच्या मागच्या गल्लीत, ते आणि कुसुमआजी दोघंच राहतात. दाराला वर एक कडी, खाली एक कडी. मोबाइलच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी. फोन वाजला की लोक विचारतात, "कोण बोलतंय?" आजोबा विचारतात, "तुम्हाला हा नंबर कुणी दिला?"

अशा माणसाच्या घरात टीव्हीला जोडायचा कॉम्प्युटर निवडून देण्याचं काम अश्लेषाने आपण होऊन अंगावर घेतलं. आता याला हिंमत म्हणा नाहीतर आगाऊपणा! पण त्या दिवसांत अश्लेषा जमिनीपासून जरा वरूनच चालत होती. अकरावीतली पोर, कालपरवापर्यंत वर्गात हात वर करायलाही लाजायची. मग शाळेच्या गॅदरिंगला ऐन वेळी प्रोजेक्टर रुसला, सगळे सर लोक त्याच्याभोवती गोळा होऊन नुसते त्याच्या पाठीवर थापा मारत राहिले, आणि हिने स्टेजवर चढून तो चालू करून दाखवला. टाळ्या पडल्या. तेव्हापासून घरात पंखा जरी कुरकुरला तरी अश्लेषा म्हणायची, "थांबा, मी बघते."

आजोबांकडे आधी एक कॉम्प्युटर होता. त्यांच्या मुलीचा मुलगा अपूर्व, इंदूरला नोकरी करणारा, त्याने हौसेने टीव्हीला जोडून दिलेला. भला मोठा डबा, कीबोर्ड, माउस आणि वर पासवर्ड. आजी बिचारी सकाळच्या आरतीसाठी टीव्ही लावायला जायची, तर पडद्यावर कुठली तरी चौकट यायची, 'हो' की 'नाही' विचारणारी. आजीने आयुष्यात न वाचता कशालाच हो म्हटलेलं नाही. ती तशीच हात जोडून बसायची आणि आरती तिकडे देवळात संपून जायची.

तो डबा एकदाचा बंद पडला, तेव्हा रविवारी पोह्यांवर सगळे जमले. अपूर्वने जाहीर केलं, "आता मी बोलून चालणारा आणतो, आजोबा. नुसतं तोंडाने सांगायचं, भजन लाव, की लागलं भजन."

"म्हणजे तो आपलं बोलणं ऐकणार?" आजोबांचा चमचा थांबला.

"ऐकल्याशिवाय कसं लावेल?"

"दिवसभर ऐकणार?"

"तो ऐकतो, पण तसं ऐकत नाही."

"या घरात दिवसभर मी हिचं ऐकतो तेवढं पुरे आहे," आजोबा म्हणाले. "तिसरा कान नकोय मला."

पोह्यांवर सेव टाकता टाकता अश्लेषा म्हणाली, "मी निवडू का?"

अपूर्व हसला. "तू? अगं छोटी, हे काही शाळेचा प्रोजेक्टर नाहीये."

ते 'छोटी' तिला असं झोंबलं म्हणता! पण आजोबांनी तिच्याकडे बघितलं, मग अपूर्वकडे बघितलं, आणि कुठल्या धोक्याला कमी दात आहेत याचा अंदाज घेऊन म्हणाले, "निवडू दे तिला. नाही चालला तर तुझा आहेच."

म्हणजे झालं! आता तिचा डबा त्या घरात टिकला तर अश्लेषा शहाणी. नाहीतर जन्मभर 'छोटी'.

तिने काम मोठ्या झोकात केलं. आधी दुकानात गेलीच नाही. शाळा सुटली की आजीकडे जाऊन नुसती सोफ्यावर बसायची आणि बघायची. आजोबा कुठलं बटण शोधतात, आजी कुठल्या बटणाला घाबरते. तिच्या लक्षात आलं की आजी वाचतच नाही, चित्रं बघते. आणि आजोबा सगळं वाचतात, पार खाली बारीक अक्षरात लिहिलेलंसुद्धा, आणि मग काहीच दाबत नाहीत. टीव्हीचा रिमोट, केबलचा रिमोट, स्पीकरचा रिमोट, तिन्ही प्लास्टिकच्या पिशव्यांत रबरबँड लावून ठेवलेले. आजी कुठलाही उचलायची आणि आधी त्याला विचारायची, "तू कोणाचा रे बाबा?"

मग ती फ्रीगंजच्या दुकानात गेली. दुकानदार एकेक खोका काढत गेला. यात एवढी मेमरी, त्यात तेवढी. अश्लेषाने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "भैया, इनमें से कौन सा ऐसा है जो मेरी दादी अकेली हो तब भी चालू कर ले?"

दुकानदाराने हातातला खोका खाली ठेवला. मग आतून त्याने एक छोटा काळा डबा आणला. तळहातावर मावेल एवढा. पंखा नाही, आवाज नाही, ऐकायला कान नाही. रिमोटवर मोजकी, ठसठशीत बटणं. "नहीं जमे तो महीने के आखिरी इतवार तक लौटा देना," तो म्हणाला.

घरी आणून तिने तो धुऊनपुसून काढल्यासारखा रिकामा केला आणि पडद्यावर चारच मोठी चित्रं ठेवली. महाकालची आरती, मराठी मालिका, बातम्या, आणि नातवंडांचे फोटो. पासवर्ड नाही. चौकट नाही. 'हो की नाही' नाही. आणि डब्याचा रिमोट सोडून बाकीचे तिन्ही तिने सरळ कपाटात टाकले.

आजीला शिकवायला मात्र तिने खूप डोकं चालवलं. डब्याच्या समोरच्या बाजूला, बरोब्बर मधोमध एक गोल चकचकीत काच होती. तिथे बोट ठेवून ती म्हणाली, "आजी, हा याचा डोळा. रिमोट याच्या डोळ्यात बघून बोलतो. या डोळ्याला दिसलं ना, की सगळं येतं. आरतीसुद्धा."

"डोळा," आजी म्हणाली. तिने डब्याकडे निरखून बघितलं. "छान आहे गं. शांत आहे."

"म्हणजे बघतो," आजोबा मागून म्हणाले. "कान नाही, पण डोळा आहे. वा!" आणि त्यांनी आपली खुर्ची उचलून बाजूला, डब्याच्या नजरेच्या बाहेर सरकवली.

पहिले काही दिवस मजेत गेले. मग आजोबांचा फोन आला.

"तुझा डबा बंद आहे."

"काय झालं?"

"मी बटण दाबतो, तो ढिम्म. दाबतो, ढिम्म."

अश्लेषा शाळेतून परस्पर स्कूटी घेऊन नानाखेड्याला. बेल वाजवली. आतून आजीचा आवाज आला, "आले, आले हं!" पण आली बऱ्याच वेळाने. अश्लेषाने आत जाऊन रिमोट दाबला. डबा कसा, आज्ञाधारक मुलासारखा टुणकन चालू!

"चालतोय की!"

आजोबांनी आधी टीव्हीकडे बघितलं, मग तिच्याकडे. "तू आलीस म्हणून चालतोय."

दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. पुन्हा स्कूटी. पुन्हा चालू. तिने सेल बदलले. वायर काढून लावली. काही दिवस हेच. ती आली की चालतो, ती गेली की दिवेलागणीनंतर बंद. त्यात आजी एक दिवस हळूच म्हणाली, "माझा तर सकाळी रोज चालतो, बाई."

झालं! आजोबांचा चेहरा असा झाला की जणू लॉकरची दुसरी किल्ली सापडली. "अस्सं! म्हणजे हिच्यासाठी चालतो. तुझ्यासाठी चालतो. फक्त माझ्यासाठी चालत नाही. आशू, मी बँकेत उगाच केस पांढरे नाही केले. तुम्ही दोघींनी मिळून काय ठरवलंय ते सांगून टाका."

"आजोबा! मी कशाला ठरवू?"

"बातम्या बघू नयेत म्हणून. त्याने माझं ब्लडप्रेशर वाढतं असं ही सगळ्यांना सांगत असते."

"मी मेली कशाला काय करू?" आजी म्हणाली आणि पदर सावरत स्वयंपाकघरात निघून गेली. जरा घाईघाईनेच गेली.

अश्लेषाच्या मनात तेव्हा पहिल्यांदा पाल चुकचुकली. दार उघडायला आजीला रोज एवढा वेळ का लागतो? पण तिने तो विचार झटकला, कारण तिच्याजवळ त्याहून चांगला चोर तयार होता. अपूर्वदादा! त्याने मागच्या वेळी सहज म्हणून वायफायचा पासवर्ड मागितला होता. सहज? कोणी पासवर्ड सहज मागतं का? इंदूरला बसून तो डबा बंद करत असणार, पक्कं! आपला बोलणारा डबा आणता यावा म्हणून. दाल में कुछ काला काय, अख्खी दालच काळी.

तिने पासवर्ड बदलला. घरी जाताना विजयी मुद्रेने स्कूटी चालवली. टॉवरच्या चौकात उगीचच एक हॉर्नही वाजवला.

संध्याकाळी फोन. "बंद आहे."

हरे राम! म्हणजे दादा नाही. मग कोण? आता अश्लेषाने अगदी पोतनिसांच्या नजरेने विचार करायला घेतला, आणि ती नजर फिरत फिरत जाऊन थांबली ती थेट आजोबांवरच. मोबाइलच्या कॅमेऱ्याला चिकटपट्टी लावणारा माणूस. डब्याला डोळा आहे कळल्यावर खुर्ची हलवणारा माणूस. त्यांनीच डोळ्यावर पट्टी लावली असेल तर? आणि ती आली की काढून टाकत असतील तर? पुढच्या वेळी तिने डबा हातात घेऊन डोळा नखाने खरवडून बघितला. चिकट काही नव्हतं. उलट काच इतकी लख्ख, जणू आत्ताच कुणी पुसली आहे.

आत्ताच?

पण तेवढ्यात आजीने गुळपोळी पुढे केली आणि विचार तुपात बुडाला.

दुसऱ्या दिवशी तिने फोनवरच उलटतपासणी सुरू केली. "आजोबा, उठा आणि डब्याकडे बघा. दिवा लागलाय का?"

"लागलाय."

"कुठला?"

"लाल. समोर, मधोमध."

अश्लेषा एकदम ताठ बसली. "आजोबा, नक्की लाल?"

"मोतीबिंदू आहे, आंधळा नाही झालो अजून. लाल दिवा लागलेला मला इथून, खुर्चीतून दिसतोय. आणि बटण दाबलं तर ढिम्म. दिवा चालू आणि डबा बंद. याचा अर्थ तो आतून काहीतरी करतोय."

तिने डब्याबरोबर आलेली माहिती पुन्हा उघडून वाचली. चालू असताना कडेला निळा ठिपका, बंद असताना काहीच नाही. लाल दिवा या डब्याला नव्हताच! असूच शकत नव्हता. म्हणजे आजोबा खुर्चीतून उठलेच नव्हते, डोळ्यासमोर येईल ते ठोकून देत होते. त्यांना मुळात तो डबाच नको होता. तिला आतून असं भरून आलं, रागाने की रडूने, तिचं तिलाच कळेना.

"आजोबा, खरं सांगा, तुम्ही खरंच बघितलंत?"

पलीकडे खुर्ची करकरली. मग एकदम बँकेतला आवाज. "मला खोटारडा म्हणतेस?"

"नाही, पण या डब्याला लाल दिवाच नाहीये!"

"मग मला जो दिसतोय तो काय भास आहे? पुरे झालं. येत्या रविवारी अपूर्व येतोय. त्याचा घेऊन येऊ दे. तुझा परत करून टाक. शेवटचा रविवार आहे ना तो?" आणि फोन बंद.

बाबांनी ऐकलं होतं. ते म्हणाले, "जाऊ दे गं आशू. त्यांना काहीही दिलं तरी ते असंच करणार."

"माझा डबा चांगला आहे, बाबा."

"असेल. पण न चालणारा चांगला डबा काय कामाचा?"

बाबा काही टोचून बोलले नव्हते. म्हणूनच ते जास्त टोचलं.

रविवारी सकाळी ती स्कूटी घेऊन निघाली, पण नानाखेड्याच्या चौकातच ती लावून टाकली. स्कूटीचा आवाज आजी-आजोबांना लांबून ओळखू येतो, आणि आज तिला ओळखू यायचं नव्हतं. आज चोर पकडायचा होता. रंगेहाथ. ती मागच्या गल्लीतून, जिथून भांडीवाल्या मावशी येतात त्या दाराने, चपला हातात घेऊन आत शिरली. आजोबा फिरायला गेले असणार, त्यांची काठी कोपऱ्यात नव्हती. हॉलमधून आरतीचा शेवटचा घंटानाद येत होता.

ती दाराच्या चौकटीआड थांबली.

आजी टीव्हीसमोर हात जोडून उभी होती. आरती संपली. आजीने अगदी नेमकं बटण दाबून टीव्ही बंद केला, तोच रिमोट, ज्याला ती सगळ्यांसमोर 'मला नाही बाई कळत' म्हणायची! मग गुडघ्यावर हात टेकत, 'महाकाल, महाकाल' म्हणत ती टीव्हीच्या खालच्या स्टुलाशी वाकली. तिच्या डाव्या हातात कुंकवाचा करंडा होता. अनामिकेने तिने ओलं कुंकू घेतलं, चांगलं जाडसर, आणि डब्याच्या बरोब्बर मधोमध, त्या चकचकीत काळ्या डोळ्यावर, गोल टिळा लावला. वर दोन अक्षता चिकटवल्या. नमस्कार केला.

लाल दिवा!

अश्लेषाच्या हातातून एक चप्पल पडली.

"अगं बाई!" आजी दचकून वळली आणि पदराने डबा पुसायलाच गेली. "बेल नाही का वाजवायची?"

"आजी, थांब. पुसू नको. बघू दे." अश्लेषा खाली बसली. टिळा अगदी सुबक होता. लांबून, खुर्चीतून, मोतीबिंदूच्या डोळ्याला दिवाच वाटेल असा. आजोबा खोटं बोलत नव्हते. त्यांनी पाहिलं तेच सांगितलं होतं, आणि तिने त्यांना...

"रोज लावतेस?"

आजीने करंड्याचं झाकण लावलं. मग म्हणाली, "हसशील."

"नाही हसत."

"ह्यांना सांगशील. मागच्या दसऱ्याला मी इन्व्हर्टरची पूजा केली, जरासं पाणी शिंपडलं, तर ठिणगी उडाली. मग हे महाराष्ट्र समाजात सगळ्यांना सांगत फिरले. गणपतीत भेटली की अजून विचारतात मला बायका, काय कुसुमताई, इन्व्हर्टर कसा आहे?" तिने पदराच्या टोकाने डोळ्याची कड टिपली. त्या टोकाला लाल डाग होते, जुने आणि नवे. "म्हणून कुणी आलं की पुसते. सकाळी निर्माल्य काढते तेव्हा पुसते, आरती बघते, मग नवं लावते. सांजवातीला पुन्हा, हे दाराच्या कड्या तपासायला गेले की."

म्हणून आजीचा सकाळी चालायचा. म्हणून बेल वाजली की वेळ लागायचा. सगळं असं घडाघडा उलगडलं की अश्लेषाला आधी हसू यायला लागलं आणि मग ते तिथेच थांबलं, कारण आजी पुढे बोलत होती.

"तूच म्हणालीस ना, याला डोळा आहे, त्यातूनच आरती येते म्हणून. टीव्हीला माझा हात पोचत नाही. गुडघे गेल्यापासून देवळात जाणं नाही. आणि जात होते तेव्हा तरी काय गं, लांबून हात जोडले की मागचा पुढे ढकलायचा. इथे देव रोज घरी येतो. त्याला बिनटिळ्याचा कसा जाऊ देऊ?"

बाहेर फाटक वाजलं. आजोबा. आणि त्यांच्या मागोमाग अपूर्वच्या गाडीचा हॉर्न.

अश्लेषाचं डोकं गरगरलं. आता सांगितलं तर डबा वाचतो. चोर सापडला, डबा निर्दोष, छोटी शहाणी, टाळ्या! आणि पुढच्या गणपतीत बायका विचारणार, काय कुसुमताई, डबा कसा आहे? आणि उद्यापासून आजी आरती बघणार, पण हात पदराखाली घट्ट धरून.

"आजी," ती घाईने म्हणाली, "तू चुकलीस, पण कुंकू लावण्यात नाही. अगं, डोळ्यावर कुणी कुंकू लावतं का? तुझ्या डोळ्यात लावलं तर तुला दिसेल? रिमोट बोलतोय आणि त्याला बिचाऱ्याला दिसतच नाही! कुंकू कपाळाला लावतात."

आजी डब्याकडे बघत राहिली. तिला एकदम पटलेलं दिसलं, आणि त्याचबरोबर नवीनच प्रश्न पडलेला दिसला. "पण याचं कपाळ कुठे आहे?"

अश्लेषाला कॉम्प्युटरबद्दल लोकांनी बरंच काही विचारलं होतं. हे नव्हतं विचारलं. तिने डबा हातात घेतला, फिरवला. डोळा समोर, हवेची भोकं दोन्ही कडांना. वरचा भाग सपाट, कोरा, पुढच्या बाजूला किंचित उतरता. "इथे," ती म्हणाली. "डोळ्याच्या वर. इथे लाव, आणि पाणी अजिबात नाही."

आजीने पदराने डोळा लख्ख पुसला. डब्याच्या कपाळावर टिळा लावला, दोन अक्षता लावल्या. दारात काठी ठेवल्याचा आवाज आला आणि दोघी सरळ उभ्या राहिल्या, जणू काही झालंच नव्हतं.

आजोबा आत आले. मागे अपूर्व, हातात मोठा खोका. "तू कशी आलीस?" आजोबांनी लगेच विचारलं. "बाहेर स्कूटी नाही दिसली."

"मागच्या दाराने."

"का?"

"आजोबा, एकदा रिमोट दाबून बघा ना. तुम्हीच. मी हातसुद्धा लावत नाही."

आजोबांनी तिच्याकडे, आजीकडे, रिमोटकडे असं पाळीपाळीने बघितलं. मग दाबला. पडदा उजळला. चार चित्रं, टवटवीत. त्यांनी बंद केला. पुन्हा चालू केला. पुन्हा बंद. चेहऱ्यावर आनंद नव्हता, नुसता तपास होता.

"आता का चालला?"

"माझी चूक होती," अश्लेषा म्हणाली. हे शब्द तिला वाटले होते त्याहून जड निघाले. "डोळ्याबद्दल मी नीट सांगितलं नव्हतं. त्याच्यासमोर काही येता कामा नये, हे सांगायचं राहूनच गेलं. आणि तुम्ही म्हणालात ते खरं होतं आजोबा. लाल दिवा होता. मी उगाच तुमच्यावर संशय घेतला."

"म्हणजे मॅडमचीच गडबड!" अपूर्वला काय आनंद झाला! "मी म्हणत होतो ना, आजोबा?"

अश्लेषाने ओठ चावला. पडलेली चप्पल उचलली.

आजोबा मात्र डब्याकडेच बघत होते. डोळे बारीक करून, मान पुढे काढून. "होता काय, अजून आहे," ते म्हणाले. "पण समोर होता. आता वर गेलाय. दिवा वर कसा गेला?"

आजीचा उजवा हात हळूच पदराखाली गेला.

"बघ रे जरा अपूर्व, माझी नजर पोचत नाही," आजोबा म्हणाले.

संपलं, अश्लेषाला वाटलं. अपूर्वने खोका खाली ठेवला आणि तो डब्यावर वाकला. बराच वेळ वाकून राहिला. त्याला नक्की दिसलं असणार, एवढ्या जवळून अक्षता कुणाला दिसत नाहीत? त्याने मान वळवून आजीकडे पाहिलं. आजी फरशीकडे बघत होती. मग त्याने अश्लेषाकडे पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावरचं ते 'मॅडम' वालं हसू हळूहळू निघून गेलं.

तो सरळ झाला. "अपडेट आलाय, आजोबा," तो म्हणाला. "नव्या अपडेटमध्ये दिवा वर येतो. चांगलं आहे. समोर आला की रिमोटला त्रास होतो."

अश्लेषाच्या मनात आलं, या माणसावर आपण पासवर्डची चोरी लादली होती! तिचे कान गरम झाले.

"अपडेट," आजोबांनी तो शब्द नाण्यासारखा वाजवून बघितला. "आणि हा अपडेट कोण करतं? आपोआप होतो? कधी होतो?"

"रोज होतो," आजी म्हणाली. सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. तिचा आवाज बारीक होता, पण मान वर होती. "रोज सकाळी. आरतीनंतर."

आजोबा तिच्याकडे बघत राहिले. तिच्या चेहऱ्याकडे, मग पदराकडे, मग पदराच्या लाल टोकाकडे. पोतनिसांची नजर ती. खजिन्यातलं काय कुठे गेलं, ते तिला कळल्याशिवाय राहत नाही.

आजोबांनी आपली खुर्ची उचलली. बाजूची होती ती पुन्हा टीव्हीसमोर आणून ठेवली, बरोबर डब्याच्या नजरेत, आणि तिच्यात बसले.

"अपूर्व, तो खोका गाडीत ठेव परत. आणि आशू, पोहे घे, जलेबी घे." त्यांनी बातम्या लावल्या. एका दाबात लागल्या. मग टीव्हीवरून नजर न हलवता ते म्हणाले, "आणि कुसुम, त्या अपडेटला सांग, फक्त पाणी शिंपडू नको म्हणावं."